दूध संकलनाच्या डेटा वेअरहाउससाठी साधे स्टेजिंग कसे उभारावे?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी एका तालुका दूध संघाच्या संगणक विभागात काम करतो. सुमारे दीडशे गावांतील प्राथमिक दूध संस्था संघाला दूध घालतात. प्रत्येक संस्थेच्या संकलन यंत्राला जोडलेल्या संगणकावरून सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन पाळ्यांच्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली आमच्याकडे येतात. त्यांत सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक), दर आणि रक्कम असते. संस्थांकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर असल्यामुळे कॉलमांचा क्रम दोन तऱ्हांचा आहे. शीतकरण केंद्रावरील टँकरची आवक मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नोंदली जाते आणि दरपत्रके एक्सेलमध्ये असतात.

हे सगळे डेटा वेअरहाउस म्हणून, म्हणजे अहवालांसाठीचा एकत्रित साठा म्हणून, पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या एका सर्व्हरवर (आवृत्ती १६, मेमरी १६ जीबी) एकत्र आणून तीन अहवाल द्यायचे आहेत: संस्थेने मोजलेले दूध आणि केंद्रावर पोहोचलेले दूध यांतील तफावत, फॅट-एसएनएफमधील घसरण, आणि दहा दिवसांच्या बिलाची पडताळणी. सध्या एक पायथन स्क्रिप्ट फाइल वाचते आणि थेट अंतिम टेबलांत लिहिते. एखादी ओळ बिघडलेली असली की कधी सगळी फाइल नाकारली जाते, तर कधी अर्धी आत जाऊन अर्धी बाहेर राहते, आणि मग त्या पाळीचे नेमके काय झाले हे शोधण्यात सकाळ जाते.

मध्ये स्टेजिंगचा, म्हणजे अंतिम टेबलांआधी कच्चा डेटा उतरवून ठेवण्याचा, टप्पा हवा हे पटले आहे, पण तो कसा आखावा याबद्दल संभ्रम आहे. त्यासाठी वेगळा डेटाबेस करावा की त्याच डेटाबेसमध्ये वेगळा स्कीमा (टेबलांचा स्वतंत्र गट) पुरेल? कॉलम योग्य त्या प्रकाराचे ठेवावेत की सगळे मजकूर म्हणून? टेबल रोज रिकामे करून भरावे की जुने राखून ठेवावे? एखाद्या संस्थेने तीच फाइल पुन्हा पाठवली, किंवा दुरुस्त करून पाठवली, तर काय करावे? आणि मायएसक्यूएलमधून फक्त बदललेल्या नोंदी कशा उचलाव्यात? वेगळे साधन विकत घेण्यास मंजुरी मिळणार नाही आणि हे सांभाळायला माझ्याखेरीज एकच सहकारी आहे, हे ध्यानात घेऊन उत्तरे मिळाली तर बरे होईल.

उत्तर : रात्रपाळी

मायएसक्यूएलचा प्रश्न बाजूला ठेवला तर बाकी सगळ्यांची उत्तरे एकाच नियमातून निघतात: स्टेजिंगने कोणताही निर्णय घ्यायचा नाही. जे आले ते, जसे आले तसे, कोठून आणि कधी आले याच्या नोंदीसह ठेवून द्यायचे, एवढेच त्याचे काम. कोणती ओळ खरी, कोणती चुकीची, कोणती आधीच्या ओळीची दुरुस्ती, हे पुढच्या टप्प्याने ठरवायचे. आपल्या सध्याच्या स्क्रिप्टची अडचण हीच आहे, की ती वाचणे, पारखणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे एका दमात करते, त्यामुळे बिघाड कोठे झाला हे मागाहून कळत नाही.

वेगळा डेटाबेस करू नका. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एका डेटाबेसमधील क्वेरी दुसऱ्या डेटाबेसमधील टेबल थेट वाचू शकत नाही. मध्ये फॉरेन डेटा रॅपर किंवा डीबीलिंक असा जोडदुवा घालावा लागतो, आणि स्टेजिंगमधून उचलून अंतिम टेबलात लिहिण्याचे काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होईल किंवा काहीच होणार नाही अशा व्यवहारात) खात्रीने बसवता येत नाही. त्याच डेटाबेसमध्ये 'स्टेजिंग' नावाचा स्कीमा करा आणि अहवाल पाहणाऱ्या वापरकर्त्यांना त्या स्कीमावर कोणताही अधिकार देऊ नका. तो अधिकार एकदा दिला की कोणीतरी कच्च्या टेबलावर थेट अहवाल बांधतो, आणि पुढे त्या टेबलाची रचना बदलणे आपल्या हातात राहत नाही.

टेबले संस्थेनुसार नव्हे, तर फाइलीच्या तऱ्हेनुसार करा. म्हणजे संकलनाची दोन, प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक. दोन्हींचा कॉलमक्रम जुळवून एकच टेबल करण्याचा मोह होईल, परंतु जुळवणी हाही निर्णयच आहे आणि त्याची जागा पुढे आहे.

फाइलीतून येणारे सगळे कॉलम मजकूर प्रकाराचे ठेवा. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये टेक्स्ट आणि लांबीची मर्यादा घातलेला व्हारकॅर या मजकूर प्रकारांच्या वेगात फरक नसल्यामुळे लांबी ठरवत बसण्यानेही काही हाती लागत नाही. फॅटच्या कॉलमात रिकामी जागा, आडवी रेघ, '४.२ %' किंवा रकमेत '१,२५,०००' असा आपल्या पद्धतीचा स्वल्पविराम येणारच. एक कमी माहीत असलेली गोष्टही सांगून ठेवतो. पायथनचे फ्लोट फंक्शन देवनागरी अंक निमूटपणे स्वीकारते, तर पोस्टग्रेसक्यूएलचा न्यूमेरिक (आकड्यांचा) प्रकार ते नाकारतो. एखाद्या सचिवांच्या संगणकावरून देवनागरी अंकांत फाइल येत असेल, तर ती आज आपल्या स्क्रिप्टमधून सुखरूप जात असेल आणि उद्या थेट न्यूमेरिक कॉलमात भरताना अडकेल. मजकूर कॉलमात ती विनातक्रार येईल, आणि पुढच्या टप्प्यात ट्रान्सलेट फंक्शनने एका ओळीत अंक बदलता येतील.

प्रत्येक ओळीसोबत आपले दोन कॉलम जोडा: बॅच क्रमांक (एका फाइलीची एक भरणी म्हणजे एक बॅच) आणि ओळ क्रमांक. फाइल टेबलात भरणारा पोस्टग्रेसक्यूएलचा कॉपी आदेश ओळ क्रमांक देत नाही. परंतु कॉपीच्या कॉलम यादीतून जो कॉलम वगळला जातो त्यात त्याचे डिफॉल्ट मूल्य भरले जाते, त्यामुळे आपोआप वाढणारा क्रमांक असलेला एक कॉलम ठेवला की ओळींचा क्रम टिकतो. व्यवहारात असे करा: एक तात्पुरते टेबल तयार करा, त्यात कॉपीने फाइल भरा, आणि तेथून बॅच क्रमांक लावून स्टेजिंगच्या टेबलात हलवा. ही तिन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होऊ द्या, म्हणजे अर्धी फाइल आत आणि अर्धी बाहेर असे कधी होणार नाही.

या सगळ्याचा कणा म्हणजे बॅचचे टेबल. प्रत्येक फाइलीची एक नोंद: फाइलीचे नाव, आकार, एसएचए-२५६ ठसा (मजकुरावरून काढलेली ओळखखूण, मजकूर बदलला की तीही बदलते), येण्याची वेळ, ओळींची संख्या, सद्यःस्थिती आणि बिघाड झाला असल्यास त्याचा संदेश. ही नोंद भरणी सुरू होण्याआधी, वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये करा. भरणीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये केली, तर भरणी फसल्यावर होणाऱ्या रोलबॅकबरोबर (केलेले सगळे मागे घेण्याबरोबर) ती फसल्याची नोंदही पुसली जाते, आणि सकाळी पाहावे तर काही घडलेच नाही असे दिसते.

ठशामुळे जशीच्या तशी पुन्हा आलेली फाइल ओळखू येते. मात्र केवळ ठशावर युनिक (तेच मूल्य पुन्हा येऊ न देणारे) बंधन घालू नका. दूध न आलेल्या पाळीची, फक्त शीर्षकाची ओळ असलेली फाइल दोन संस्थांकडून आली तर दोन्हींचा ठसा एकच निघेल आणि दुसरी संस्था विनाकारण नाकारली जाईल. बंधन ठसा आणि फाइलीचे नाव या दोहोंवर मिळून हवे, आणि नावात संस्था, तारीख व पाळी असतील हे आपण पाहायला हवे.

दुरुस्त करून पाठवलेल्या फाइलीचा ठसा वेगळा असतो, म्हणून ती नवी बॅच म्हणून आत येऊ द्या. जुनी पुसू नका. पुढच्या टप्प्यात संस्था, तारीख आणि पाळी या तिहेरी किल्लीसाठी सर्वांत शेवटी आलेली बॅच ग्राह्य धरा. यात धोका एकच आहे. काही सचिव संपूर्ण पाळी न पाठवता केवळ दुरुस्त केलेल्या चार ओळी पाठवतात, आणि मग 'शेवटची बॅच ग्राह्य' या नियमाने बाकीचे सगळे सभासद गळतात. नव्या बॅचमधील ओळी आधीच्या बॅचपेक्षा लक्षणीय कमी असल्या तर ती आपोआप पुढे जाऊ न देता थांबवून ठेवावी, असा एक अडसर घाला.

कॉपीविषयी आणखी थोडे. कॉलम मजकूर असले तरी तीन प्रकारचे बिघाड उरतात: कॉलमांची संख्या न जुळणे, अवतरणचिन्ह अर्धवट राहणे आणि अक्षरसंचातील चूक. विंडोजच्या नोटपॅडमधून यूटीएफ-१६ या अक्षर-मांडणीत साठवलेल्या फाइलीत शून्य बाइट असतात आणि ते पोस्टग्रेसक्यूएलच्या मजकुरात ठेवताच येत नाहीत, तेव्हा अशा फाइली आधी यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्या. आवृत्ती १५ पासून कॉपीला 'हेडर मॅच' हा पर्याय आहे. कॉलमांची नावे वा क्रम बदलला असेल तर तो लगेच थांबवतो. तो अवश्य वापरा, कारण सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत फॅट आणि एसएनएफ यांची अदलाबदल झाली तर दोन्ही आकडेच असल्यामुळे दुसरे कोणतेही बंधन ती पकडणार नाही. आवृत्ती १७ मध्ये चुकीच्या ओळी वगळून पुढे जाण्याची सोय आली आहे, पण ती केवळ प्रकार बदलताना होणाऱ्या चुकांपुरती आहे, आणि सगळे मजकूर म्हणून घेतल्यावर तिचे प्रयोजनच उरत नाही. शिवाय येथे वगळलेली ओळ म्हणजे कोणाचे तरी घातलेले दूध आहे.

स्टेजिंगचे टेबल अनलॉग्ड (बदलांची सुरक्षा-नोंद न ठेवणारे) ठेवले तर भरणी वेगाने होते. मूळ फाइली हाताशी असल्यामुळे ते चालण्यासारखे आहे, आणि रोज रिकामे करून भरलेत तरी बिघडणार नाही.

उत्तर : तक्ता

रात्रपाळी यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे, बाकीचे पटते.

अनलॉग्ड टेबलातील मजकूर राइट-अहेड लॉगमध्ये (बदल आधी लिहून ठेवणाऱ्या नोंदवहीत) जात नाही, म्हणून सर्व्हर अचानक बंद पडला तर पुन्हा सुरू होताना पोस्टग्रेसक्यूएल ते टेबल रिकामे करते, आणि स्टँडबाय (राखीव) सर्व्हरवरही त्यातील मजकूर पोहोचत नाही. घटकाभराच्या टेबलासाठी हे चालेल. परंतु वर ज्या बॅचटेबलाला कणा म्हटले आहे, त्यातील नोंदी ज्या ओळींकडे बोट दाखवतात त्या ओळीच नाहीशा होणार असतील, तर त्या कण्याचा उपयोग काय? वेगाचा प्रश्न येथे नाहीच. गणित करून पाहा. दीडशे संस्था, प्रत्येकी सरासरी दोनशे सभासद धरले, दोन पाळ्या: दिवसाला ६० हजार ओळी. वर्षाला २ कोटी १९ लाख. ओळीला दीडशे बाइट धरले तर वर्षाचे सव्वातीन जीबीच्या आसपास. साध्या डिस्कवरही ही अडचण नव्हे.

तेव्हा राखून ठेवा. दूध धंद्यात तक्रार नेहमी बिल हाती पडल्यावर येते. 'त्या संध्याकाळी माझे फॅट ४.१ लागले होते, बिलात ३.६ कसे?' असे सभासदाने विचारले, तर संस्थेकडून पहिल्यांदा काय आले, नंतर काय बदलून आले आणि बदल कोणत्या दिवशी आला, हे तिन्ही दाखवता आले पाहिजे. अंतिम टेबल केवळ आजचे सत्य सांगते. हा इतिहास फक्त स्टेजिंगमध्ये असतो. मी निदान एक आर्थिक वर्ष, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि पुढे लेखापरीक्षण संपेपर्यंतचा काळ राखण्याच्या बाजूने आहे.

जुने काढताना डिलीट वापरू नका. टेबलाचे भरणीच्या तारखेनुसार महिनावार पार्टिशन (सुटे भाग) करा आणि मुदत संपलेले पार्टिशन सुटे करून टाकून द्या. डिलीटने ओळी दिसेनाशा होतात, पण जागा व्हॅक्यूम (मोकळी जागा परत वापरात आणणारी सफाई) होईपर्यंत अडून राहते, आणि त्यानंतरही फाइलीचा आकार बहुधा कमी होत नाही. मूळ सीएसव्ही फाइली दाबून तारखेच्या फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवाच. टेबल असले तरी त्या हव्यात.

एक मुद्दा राहिला आहे. बिलाचा दहा दिवसांचा कालावधी बंद झाल्यानंतर त्या कालावधीची दुरुस्त फाइल आली, तर स्टेजिंगने ती घ्यावी, परंतु पुढच्या टप्प्याने 'शेवटची बॅच ग्राह्य' हा नियम तेथे लावू नये. वाटप झालेल्या रकमेमागचे लिटर गुपचूप बदलले तर बिल आणि अहवाल यांचा मेळ कायमचा तुटतो. अशा दुरुस्तीची स्वतंत्र समायोजनाची नोंद करावी आणि ती चालू कालावधीत दाखवावी.

उत्तर : भीमथडी

मायएसक्यूएलपुरते लिहितो.

'फक्त बदललेल्या नोंदी' उचलण्याआधी तशी गरज आहे का, हे पाहावे. टँकरच्या आवकनोंदी दिवसाला काही डझन, फार तर शंभर-दोनशे असतील. इतक्या लहान टेबलाचे मागचे ४५ दिवस रोज रात्री सरसकट पुन्हा उचलावेत आणि महिन्यातून एकदा संपूर्ण टेबल आणावे. ही पद्धत ओबडधोबड दिसते, परंतु बदलांवर लक्ष ठेवण्याच्या पद्धतीतील तिन्ही खड्डे ती टाळते.

पहिला खड्डा असा, की 'शेवटचा बदल' दाखवणारा कॉलम प्रत्येक टेबलात असतोच असे नाही, आणि असला तरी तो आपोआप अद्ययावत होतो की प्रोग्रामवर अवलंबून आहे, हे टेबलाची व्याख्या वाचल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरा अधिक फसवा आहे. नोंदीवर वेळ पडते ती आदेश चालताना, पण ती नोंद इतरांना दिसू लागते कमिट (कायम) झाल्यावर. एखाद्या कारकुनाची नोंद १०:०० ची वेळ घेऊन १०:०४ ला कमिट झाली आणि आपली उचल १०:०२ ला झाली, तर पुढच्या वेळी '१०:०२ नंतरचे द्या' म्हटल्यावर ती नोंद कधीच येणार नाही. म्हणूनच ही पद्धत वापरणारे लोक मागच्या खुणेच्या तासभर आधीपासून उचलतात आणि प्राथमिक किल्लीवर दुहेरी नोंदी गाळतात. तिसरा खड्डा खोडलेल्या नोंदींचा. खोडलेली नोंद 'बदललेली' म्हणून दिसत नाही. ती आपल्याकडे कायमची जिवंत राहते आणि तफावतीच्या अहवालात जास्तीचा टँकर दाखवत राहते. मायएसक्यूएलची बदलांची नोंदवही, म्हणजे बिनलॉग, वाचणारी डेबेझियमसारखी साधने हे सगळे सोडवतात, परंतु दोन माणसांच्या विभागाने आवकीच्या एका टेबलासाठी ती सांभाळावीत असे मला वाटत नाही.

आवकीचे मुख्य टेबल आणि कप्प्यांचे तपशील दोन टेबलांत असतील तर दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, सुसंगत स्नॅपशॉट (एकाच क्षणाचे चित्र) घेऊन वाचा. मायएसक्यूएल-डंप या निर्यात साधनाचा 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय इनोडीबी (मायएसक्यूएलचा एक साठवण प्रकार) टेबलांसाठी हेच करतो. अन्यथा मधल्या काळात आलेल्या टँकरचा तपशील येईल आणि मुख्य नोंद येणार नाही. मायएसक्यूएलचा 'इन्टू आउटफाइल' आदेश रिकामे मूल्य (नल) ज्या खुणेने लिहितो तीच खूण पोस्टग्रेसक्यूएलचा कॉपी टॅबने विभागलेल्या मजकुरात अपेक्षितो, तेव्हा ती फाइल सरळ भरता येते. याउलट मायएसक्यूएलच्या क्लायंटमधून बॅच पद्धतीने काढलेल्या फाइलीत 'नल' हा शब्दच अक्षरांत येतो, याची काळजी घ्यावी लागते. शून्य वर्ष, शून्य महिना, शून्य दिवस अशी तारीख जुन्या टेबलांत हमखास सापडते. पोस्टग्रेसक्यूएलचा तारखेचा प्रकार ती घेणार नाही, म्हणून येथेही कॉलम मजकूरच ठेवावेत.

दुधासंबंधीच्या दोन गोष्टी. संध्याकाळच्या पाळीचा टँकर पुष्कळदा मध्यरात्रीनंतर केंद्रावर पोहोचतो, म्हणून आवकीच्या वेळेवरून पाळीची तारीख काढू नये. ती कागदावर लिहिलेली असते, तो कॉलम उचलावा. संगणकाचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर तारीख मध्यरात्री नव्हे, पहाटे साडेपाचला बदलते, आणि गोंधळ वाढतो. दुसरे, गावात दूध लिटरवर मोजले जाते आणि बऱ्याच केंद्रांवर टँकर किलोवर तोलला जातो. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते, म्हणजे एकक विसरले तर दहा हजार लिटरच्या टँकरवर तीनशेची खोटी तफावत दिसेल, आणि तीही केंद्राच्या बाजूने जास्त. स्टेजिंगमध्ये रूपांतर करू नये, आकडा आणि एकक दोन्ही जसेच्या तसे ठेवावे. एसएनएफचेही तसेच. फॅट आणि लॅक्टोमीटरचे (दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन यांवरून एसएनएफ काढण्याच्या सूत्रातील स्थिरांक सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे फाइलीत लॅक्टोमीटरचे वाचन येत असेल तर आज त्याची गरज नसली तरी तो कॉलम टाकू नये.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. राखून ठेवण्याचा मुद्दा निर्विवाद वाटतो, आणि टँकरसाठी ४५ दिवसांची सरसकट उचल करण्याचे ठरवत आहे. केंद्रावर खरोखरच किलोचा काटा आहे.

दोन शंका उरतात. काही सचिव फाइल पाठवण्याआधी ती एक्सेलमध्ये उघडून पाहतात आणि जतन करतात. त्यात '००४१२' हा सभासद क्रमांक '४१२' होतो आणि तारखांचेही काहीतरी होते. अशी फाइल ओळखता येईल का, आणि सावरता येईल का? दुसरे, पुढच्या टप्प्यात ज्या ओळी चुकीच्या ठरतील त्या नेमक्या कोठे ठेवाव्यात? त्या स्टेजिंगमधून काढून वेगळ्या टेबलात हलवाव्यात असे सहकाऱ्याचे म्हणणे आहे.

उत्तर : रात्रपाळी

अनलॉग्डबाबत तक्ता यांचे म्हणणे मान्य आहे. तात्पुरत्या टेबलापलीकडे ते वापरू नये.

एक्सेलमधून गेलेली फाइल ओळखण्याची सोपी खूण आहे. संकलनाचे सॉफ्टवेअर फॅट '४.०' असे लिहिते. एक्सेल ते '४' करून जतन करते, कारण सीएसव्हीत ते पडद्यावर दिसते तेवढेच लिहिते. दीड-दोनशे ओळींच्या फाइलीत एकाही फॅटच्या शेवटी दशांशातील शून्य नसेल, तर ती फाइल एक्सेलमधून आली आहे असे समजावे. स्टेजिंगमध्ये सगळे मजकूर म्हणून ठेवल्यामुळेच ही तपासणी शक्य होते, न्यूमेरिकमध्ये '४.०' आणि '४' यांतील फरक अंकमूल्याचा नसल्याने तो कोणाच्या नजरेस येणार नाही.

सभासद क्रमांक ठरावीक लांबीचे असतील तर पुढच्या टप्प्यात डावीकडे शून्ये लावून ते पूर्ववत करता येतील. मात्र पोस्टग्रेसक्यूएलचे एलपॅड फंक्शन ठरवलेल्या लांबीपेक्षा मोठा मजकूर आल्यास तो उजवीकडून कापते, कोणताही इशारा न देता. म्हणून आधी लांबी तपासा. तारखांचे असे आहे, की संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ३ एप्रिलची ४ मार्च होते, परंतु १३ एप्रिलला तेरावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून तशीच राहते. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच घोळ होतो आणि म्हणून तो उशिरा लक्षात येतो. आपल्याकडे एका फाइलीत एकच पाळी असल्याने ओळीतील तारीख फाइलीच्या नावातील तारखेशी ताडून पाहणे पुरेसे आहे. पोस्टग्रेसक्यूएलची तारीख वाचण्याची मूळ मांडणीही महिना आधी, दिवस नंतर अशीच असते, तेव्हा रूपांतर करताना साचा स्पष्ट लिहा.

जे सावरता येणार नाही तेही सांगतो. एक्सेल आकड्याचे १५ अंकच खात्रीने जपते. त्याहून लांब बँक खाते क्रमांकाचे उरलेले अंक शून्य होतात आणि ते परत मिळत नाहीत. बारा अंकी आधार क्रमांकाचे तर घातांकातील रूप होऊन सीएसव्हीत तेच उतरते. या दोन्ही गोष्टींची संकलनाच्या फाइलीत मुळी गरज नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहता त्या स्टेजिंगमध्ये उतरूच नयेत हे उत्तम. फाइलीत येत असतील तर सॉफ्टवेअरच्या निर्यातीतूनच त्या काढून घेण्यास सांगा, कारण 'जसे आले तसे ठेवा' हा नियम एकदा लावला की नको असलेली माहितीही वर्षभर जशीच्या तशी साठते.

उत्तर : तक्ता

चुकीच्या ओळी स्टेजिंगमधून हलवू नका. हलवल्या की 'या बॅचमध्ये किती ओळी आल्या होत्या' या प्रश्नाचे उत्तर बदलते. स्टेजिंगची ओळ जागच्या जागी राहू द्या आणि 'नाकारलेल्या नोंदी' या वेगळ्या टेबलात केवळ बॅच क्रमांक, ओळ क्रमांक, मोडलेला नियम आणि वेळ लिहा. दररोज दुपारी त्यातून संस्थावार यादी काढून सचिवांना पाठवता येते, आणि दुरुस्त फाइल आली की नवी बॅच तयार होते.

आवृत्ती १६ मध्ये एखादा मजकूर अमुक प्रकारात बसतो का हे सांगणारे फंक्शन आले आहे, 'पीजी इनपुट इज व्हॅलिड'. ते बसत नसल्यास त्रुटी न फेकता नकारार्थी उत्तर देते, म्हणून एका क्वेरीत चांगल्या आणि वाईट ओळी वेगळ्या करता येतात. पूर्वी यासाठी प्रत्येक ओळीला अपवाद पकडणारे फंक्शन लिहावे लागे आणि ते मंद असे.

नाकारणे आणि शंका घेणे यांत फरक ठेवा. फॅटच्या जागी अक्षरे आली तर ओळ नाकारावी. गायीच्या दुधाला ८ फॅट आले तर ती ओळ पुढे जाऊ द्यावी आणि तिच्यावर खूण करावी. बहुधा म्हशीचे दूध गायीच्या खात्यावर पडलेले असते, आणि ते ठरवणे संगणक विभागाचे काम नाही.

शेवटी मोजदाद. फाइलीतील ओळी, स्टेजिंगमधील ओळी, आणि पुढे गेलेल्या अधिक नाकारलेल्या ओळी हे तीन आकडे प्रत्येक बॅचसाठी जुळलेच पाहिजेत. फाइलीच्या तळाशी एकूण लिटरची ओळ येत असेल तर लिटरची बेरीजही जुळवा. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळाले होते. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फाइली जुन्या एक्सएलएस साच्यात ओढल्या जात होत्या आणि त्या साच्यात एका शीटवर ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. अशी गळती भरणीच्या दोन्ही टोकांना ओळी मोजल्या तरच दिसते.

उत्तर : भीमथडी

क्रॉनने (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या साधनाने) दर पंधरा मिनिटांनी भरणी चालवणार असाल तर दोन गोष्टींची भर घालतो. आधीची भरणी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून स्क्रिप्टच्या आरंभी पोस्टग्रेसक्यूएलचे ॲडव्हायझरी लॉक (प्रोग्रामने स्वतः मागायचे कुलूप) 'ट्राय' पद्धतीने, म्हणजे वाट न पाहता, मागावे. मिळाले नाही तर स्क्रिप्टने मुकाट्याने बाहेर पडावे. कनेक्शन तुटले की ते लॉक आपोआप सुटते, त्यामुळे लॉकच्या फाइली मागे राहण्याची कटकट नाही. आणि संस्थेकडून येणारी फाइल अर्धी उतरलेली असताना उचलली जाऊ नये यासाठी ती आधी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरू द्यावी व पूर्ण झाल्यावरच नाव बदलून भरणीच्या फोल्डरमध्ये आणावी. दोन्ही फोल्डर एकाच फाइलप्रणालीवर असावेत. वेगळ्या डिस्कवर असतील तर नाव बदलणे म्हणजे प्रत्यक्षात नक्कल करणे होते, आणि अर्ध्या फाइलीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.